दोन बिशपांचं भांडण मिटलं तेव्हा मधे उभे असलेले कार्डिनल ग्रेशियस

दातिवरे (ता. पालघर) : आमच्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचा किल्ला दिसतो. त्याच्या पलीकडे आगाशी, नंदाखाल, मग वसई. तिकडे ख्रिस्ती वस्ती मोठी. बाजाराला, लग्नाकार्याला आपली त्यांची गाठ पडते. पण याच लोकांच्या चर्चमध्ये एकेकाळी मोठी फूट होती, हे आपल्याकडे कमी जणांना ठाऊक आहे. धर्म एक, पंथ एक, पोप एक, तरी बिशप दोन! ती फूट भरून निघाली त्या काळात मधे जे होते, त्यांचं नाव व्हॅलेरियन ग्रेशियस. भारताचे पहिले कार्डिनल.

आधी भांडण काय ते सांगतो. पोर्तुगिजांच्या काळात बिशप नेमायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरच्या पोर्तुगीज फादरांना घालवलं आणि रोमच्या प्रोपगंडा नावाच्या कार्यालयाचे फादर आणले. झालं, तिथून दोन गट पडले. १७९४ मध्ये तर इंग्रज सरकारने मुंबईतली चार चर्चं दोन-दोन करून वाटून टाकली, शेताच्या वाटण्या कराव्यात तशी. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चसाठी एवढा वाद पेटला की बिशप हार्टमन कित्येक दिवस चर्चमध्ये कोंडून घेऊन बसले. शेवटी सरकारला मधे पडावं लागलं. गावात जत्रेच्या दोन कमिट्या झाल्या की काय होतं ते वाचकांना वेगळं सांगायला नको. वर्गणी दोनदा, मानपान दोनदा, आणि सोयरिक जुळवताना पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या बाजूचे?

१८८६ मध्ये करार होऊन दमणचा धर्मप्रांत झाला. वसई आणि साष्टी त्याच्याकडे गेली, मुंबईला वेगळा आर्चबिशप आला. पण मुंबईतच दमणच्या बिशपचीही चर्चं राहिली, म्हणजे गुंता काही सुटला नाही. तो सुटला १९२८ च्या करारात. दमणचा धर्मप्रांत मोडून वसई, साष्टी मुंबईला जोडली. पोर्तुगालची समजूत म्हणून ठरलं की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा इंग्रज असेल. यात भारतीय माणूस कुठेच नव्हता, हे लक्षात घ्या.

ग्रेशियस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० चा, कराचीचा. घराणं गोव्याचं. शिक्षण कराची, मंगळूर, मग श्रीलंकेत कँडीला. १९२६ मध्ये फादर झाले, नंतर रोमला शिकून आले. करारानंतर मुंबईत आलेले पोर्तुगीज आर्चबिशप लिमा यांचे ते सचिव झाले. हे काम म्हणजे खरी कसोटी. कालपर्यंत एकमेकांकडे पाठ करून बसलेली चर्चं आता एका कार्यालयाखाली आली होती. कागद एका दिवसात एक होतात, माणसं होत नाहीत. भाऊबंदकी बघितलेल्या माणसाला हे पटेल. पुढे त्यांनी 'एक्झामिनर' हे साप्ताहिक चालवलं आणि १९४१ मध्ये मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

लिमा १९३६ मध्ये वारले आणि ठरल्याप्रमाणे इंग्रजाची पाळी आली. १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स आले. मला या गोष्टीत हाच माणूस सगळ्यात मोठा वाटतो. कारण त्यांनी खुर्ची धरून ठेवली नाही. १९४६ मध्ये ग्रेशियस यांना साहाय्यक बिशप करवून घेतलं, कारभार त्यांच्यावर सोपवला आणि स्वतः मुंबईबाहेर पडले. हेतू एवढाच की लोकांना भारतीय बिशपची सवय व्हावी. पण अडचण होतीच. रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला की करारानुसार पुढची पाळी पोर्तुगिजांची. देश स्वतंत्र झालेला आणि मुंबईचा आर्चबिशप पोर्तुगालच्या पसंतीचा, हे कसं चालणार? अखेर जुलै १९५० च्या करारात पोर्तुगालने तो हक्क सोडला. डिसेंबर १९५० मध्ये ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. ना हा गट, ना तो गट.

जानेवारी १९५३ मध्ये पोपनी त्यांना कार्डिनल केलं. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, भारतात येणारे पहिले पोप तेच. त्या सोहळ्याचे यजमान ग्रेशियस होते. पोप तेव्हा दुसऱ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनाही भेटले. ग्रेशियस रोमच्या मोठ्या धर्मपरिषदेलाही होते. त्या परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली, वसईकडे ती मराठीत आली. १९६६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. ११ सप्टेंबर १९७८ ला ते गेले.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९९८ मध्ये, मुंबईतून वसईचा वेगळा धर्मप्रांत निघाला. आपले पालघर, डहाणू, जव्हार हे तालुके त्यातच येतात. या वेळी वाटणी झाली ती कामाच्या सोयीसाठी, आणि पहिले बिशप झाले थॉमस डाबरे, वसईचेच.