कवटीत जात सापडत नाही : इरावती कर्वे यांचे आयुष्य आणि आपली चळवळ

नेवासा म्हटले की लोकांना ज्ञानेश्वरांचा पैस खांब आठवतो. पण प्रवरेच्या काठची माणसाची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले. नदीच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. त्यानंतरच्या ताम्रपाषाण वस्तीत रांजणांत पुरलेली लहान मुले मिळाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. या हाडांची जात कोणती, याचे उत्तर विज्ञानाकडे नाही. ते का नाही, हे समजण्यासाठी त्याच डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवणाऱ्या इरावती कर्वे यांचे आयुष्य आपल्या तरुणांनी वाचले पाहिजे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, बुद्धाच्या धम्माने घडलेल्या ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात हुजूरपागा आणि फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९२८ मध्ये मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या एम. ए. झाल्या. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे हे त्यांचे पती.

त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. तिथे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे कट्टर पुरस्कर्ते. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हे त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे लक्षण आहे, असा त्यांचा तर्क होता. तो सिद्ध करण्याचे काम या पंचविशीतल्या मुलीकडे आले. तिने युरोपीय कवट्या मोजल्या, आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्या कवट्याही मोजल्या. वंशानुसार तसा फरक आढळला नाही. तिने तेच लिहून दिले. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात होती त्या गुरूंच्या मताविरुद्ध! गुरू सांगतो म्हणून मानू नका, ही कालामांना दिलेली तथागतांची शिकवण आपण नेहमी सांगतो. इरावतीबाई बौद्ध नव्हत्या, पण प्रयोगशाळेत त्या तशाच वागल्या.

पुढे याच बर्लिनच्या संस्थेने हिटलरच्या वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा मुलामा दिला. त्याचा एक धागा नेवाशापर्यंत येतो. नेवाशाच्या १९६० च्या उत्खनन अहवालाच्या सहलेखिका सोफी एरहार्ट या नाझी काळात रोमा लोकांची वंशमोजणी करणाऱ्या यंत्रणेत होत्या. मोजपट्टी एकच असते. आधी निष्कर्ष ठरवून मोजायचे की मोजून निष्कर्ष काढायचा, हा खरा प्रश्न आहे.

परतल्यावर १९३९ पासून इरावतीबाई डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून माणसे मोजली आणि त्यांच्या नातेसंबंधांची नोंद केली. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच पायरीवरच्या या जातीही जैविकदृष्ट्या एकसारख्या निघाल्या नाहीत. युगान्तमध्ये त्यांनी खांडववनाच्या दहनाकडेही याच निर्भय नजरेने पाहिले. वन, पशुपक्षी आणि तिथले नाग जाळून मिळवलेल्या भूमीला त्यांनी पराक्रम मानले नाही. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे सर्वच आम्हाला मान्य नाही. जाती मुळातच वेगवेगळे समूह होते आणि ते शेजारी शेजारी येऊन हिंदू समाज बनला, असे त्या मानत. बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या बंधनात दाखवले होते. जातीच्या अन्यायाविरुद्ध इरावतीबाई बाबासाहेबांसारख्या रस्त्यावर उतरल्या नाहीत. पण एका मुद्द्यावर दोघांची वाट जवळ येते. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी इरावतीबाईंचे गुरू घुर्ये यांचीच नाकांची मोजमापे घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, हे दाखवले.

हे आज सांगण्याचे कारण आहे. आपल्याच काही गटांत डीएनएचे संदेश फिरतात : अमके परके, तमके मूळचे. ऐकायला जोरदार वाटते, पण ही फिशर यांचीच मोजपट्टी उलटी धरणे आहे. आजचे जनुकशास्त्र सांगते की भारतातील जवळजवळ सर्व समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले आणि नंतर ही सरमिसळ थांबत गेली. म्हणजे भिंत रक्ताने नाही, लग्नाच्या नियमाने उभी राहिली. बाबासाहेबांनी दाखवले ते हेच.

वासेट्ठ सुत्तात तथागतांनी गवत, झाडे, कीटक, पशू, पक्षी यांच्या जातींच्या खुणा वेगळ्या असतात, माणसांत तशा नसतात, असे समजावले आहे. माणूस निसर्गातलाच एक प्राणी आहे आणि त्याची जात एकच आहे. आपला लढा कोणाच्या रक्ताशी नाही, माणसाने केलेल्या नियमाशी आहे. माणसाने केलेला नियम माणूस मोडू शकतो. म्हणून तरुणांनो, पुढचा डीएनएचा संदेश पाठवण्याआधी तो तपासा.