शब्दांच्या साखळ्या घडविणारा गणिती

इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग पाठ करताना ज्यांच्या कपाळाला घाम येतो, अशा विद्यार्थिमित्रांनी लुईस कॅरोल यांचे चरित्र अवश्य वाचावे. ‘ॲलिस’च्या अद्भुत कथेचे कर्ते म्हणून सारे जग त्यांस ओळखते. परंतु ज्यांच्या जिभेवर शब्द अडखळत, त्यांनीच शब्दांना आपले खेळगडी बनविले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

त्यांचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. त्यांचा जन्म 27 जानेवारी 1832 रोजी इंग्लंडातील चेशायर परगण्यात डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. अकरा भावंडांत चार्ल्स तिसरे आणि मुलांमध्ये थोरले. बोलताना ते अडखळत. त्यांच्या बहुतेक भावंडांसही हा दोष होता. पुढे हे कुटुंब यॉर्कशायरमधील क्रॉफ्ट या गावी राहावयास गेले. तेथे भावंडांच्या करमणुकीसाठी, आपल्या शाळांतून निघतात तशी हस्तलिखित मासिके चार्ल्स तयार करीत. अशाच एका वहीला त्यांनी ‘मिशमॅश’, म्हणजे खिचडी, असे गमतीचे नाव दिले होते.

1846 ते 1849 ही वर्षे त्यांनी रग्बी येथील प्रसिद्ध शाळेत काढली. ती सुखाची नव्हती. जानेवारी 1851 मध्ये ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाले आणि अवघ्या दोन दिवसांत त्यांची माता निवर्तली. हे दुःख गिळून त्यांनी अभ्यास केला व 1854 मध्ये गणितात पहिला वर्ग मिळविला. 1855 पासून 1881 पर्यंत ते त्याच महाविद्यालयात गणित शिकवीत होते.

1856 मध्ये त्यांनी टोपणनाव घेतले. आपल्या नावातील चार्ल्स व लटविज या दोन शब्दांची लॅटिन रूपे करून, त्यांची उलटापालट करून, त्यांतून ‘लुईस कॅरोल’ हे नाव त्यांनी घडविले. 4 जुलै 1862 रोजी नावेतून जाताना तीन लहान बहिणींना त्यांनी एक गोष्ट सांगितली. तीच 1865 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि ‘ॲलिस’ घरोघरी पोहोचली.

1877 च्या नाताळात दोन मुलींना वेळ कसा घालवावा हे सुचेना. त्यांनी कॅरोल यांच्याकडे कोड्यांची मागणी केली. हाताशी कोडी नव्हती, म्हणून त्यांनी एक नवा खेळच रचला. सारख्या अक्षरसंख्येचे दोन शब्द घ्यावयाचे आणि प्रत्येक वेळी एकच अक्षर बदलून पहिल्यावरून दुसऱ्यापर्यंत पोहोचावयाचे. मधला प्रत्येक शब्द खराखुरा असला पाहिजे. एच-ई-ए-डी म्हणजे डोके. त्याचे टी-ए-आय-एल, म्हणजे शेपूट, कसे करावे? एच-ई-ए-एल, टी-ई-ए-एल, टी-ई-एल-एल, टी-ए-एल-एल हे चार दुवे जोडले, की डोक्याची शेपूट झालीच! जितके दुवे कमी, तितकी साखळी श्रेष्ठ.

29 मार्च 1879 पासून हा खेळ ‘व्हॅनिटी फेअर’ या लंडनच्या साप्ताहिकात स्पर्धेच्या रूपाने येऊ लागला. त्याचे ‘डब्लेट्स’ हे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. कोणता शब्द चालेल व कोणता नाही, यावरून वाद होऊ नयेत म्हणून कॅरोल यांनी ग्राह्य शब्दांची यादीच तयार केली. खेळ झाला तरी नियम चोख हवा, हा त्यांचा गणिती स्वभाव!

1881 मध्ये त्यांनी आणखी एक खेळ प्रसिद्ध केला आणि त्याला जुन्या वहीची आठवण राहील असे ‘मिशमॅश’ हेच नाव दिले. यात एका गड्याने लागोपाठची काही अक्षरे द्यावयाची व दुसऱ्याने ती ज्यात सलग येतात असा शब्द शोधावयाचा. जी-पी ही अक्षरे दिली, तर मॅगपाय या पक्ष्याचे नाव आठवले पाहिजे, कारण त्यात जी-पी शेजारी शेजारी बसलेले असतात. असा शोध घेताना माहीत असलेला शब्दही प्रथमच नीट पाहिल्यासारखा वाटतो.

14 जानेवारी 1898 रोजी, सहासष्टावा वाढदिवस तेरा दिवसांवर असता, गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचा खेळ मात्र जिवंत आहे. प्रत्येक शब्द हे एक गाव व एका अक्षराचा बदल हा रस्ता मानून सर्वांत जवळची वाट कशी काढावी, हे आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याच साखळ्यांवरून शिकवितात.

कॅरोल यांचे अडखळणे जन्मभर गेले नाही. पण त्यामुळे शब्दांशी वैर न धरता त्यांनी त्यांच्याशी मैत्री केली. विद्यार्थिमित्रहो, स्पेलिंगचे भय वाटेल तेव्हा हा मार्ग धरून पाहा. आपल्या मराठीतही तो चालतो: साप, माप, माळ, दोन पावलांत सापाची माळ झाली! आता कॅरोल यांचेच एक कोडे तुमच्यासाठी ठेवतो. पी-आय-जी, म्हणजे डुकराला, एस-टी-वाय, म्हणजे त्याच्या गोठ्यात पोहोचवा. मधले दुवे चारच पुरतात.