वादळाचं इंधन जमिनीजवळच्या हवेत असतं, हे दाखवून देणारे जेम्स एस्पी कोण होते?

एकाच जिल्ह्यात दोन दुपारी सारख्याच तापतात. एका दिवशी संध्याकाळी धो धो पाऊस कोसळतो, तर दुसऱ्या दिवशी नुसतीच धूळ उडते. असं का होतं? या प्रश्नाच्या उत्तराचा पाया जेम्स पोलार्ड एस्पी या अमेरिकन शिक्षकाने घातला.

एस्पी यांचा जन्म 1785 साली पेनसिल्व्हेनियात झाला. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये ते भाषा शिकवायचे. पण हवामानाचं वेड लागलं आणि त्यांनी शिकवणं सोडून दिलं.

बाष्प आणि उष्णता

हवा वर गेली की प्रसरण पावते आणि थंड होते. हे तपासण्यासाठी एस्पी यांनी नेफेलेस्कोप नावाचं उपकरण बनवलं. भांड्यात दाबून भरलेली हवा मोकळी सोडायची आणि ती किती थंड होते ते मोजायचं. कोरडी हवा जास्त थंड व्हायची, दमट हवा कमी.

कारण काय? बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे वर चढणारी दमट हवा आसपासच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर झेपावते. तिची जागा घ्यायला खालून नवी दमट हवा येते. म्हणजे जमिनीजवळचं बाष्प हेच गडगडाटी ढगाचं इंधन.

हे बाष्प किती आहे, ते दवबिंदूवरून कळतं. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितके अंश सेल्सियस फरक, तितके साधारण सव्वाशे मीटर ढगाचा तळ उंच. खालची हवा कोरडी असेल, तर ढग उंचावर तयार होतो आणि थेंब वाटेतच सुकतात. दमट असेल, तर तळ खाली येतो आणि बरंचसं पाणी जमिनीपर्यंत पोहोचतं.

मान आणि थट्टा

1841 साली त्यांचं 'द फिलॉसॉफी ऑफ स्टॉर्म्स' हे पुस्तक आलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने कौतुक केलं. लोक त्यांना 'वादळांचा राजा' म्हणू लागले. 1842 साली अमेरिकन सरकारने त्यांना पगारी हवामानतज्ज्ञ म्हणून नेमलं.

पण एस्पी तिथेच थांबले नाहीत. गरम हवा वर गेली की पाऊस पडतो, मग जंगलं पेटवून पाऊस का पाडू नये, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. आग हवा वर ढकलू शकते, पण त्या हवेत पुरेसं बाष्प नसेल तर पाऊस येणार कुठून? या प्रस्तावाची थट्टा झाली, त्याला मंजुरी मिळाली नाही.

दुसरा वाद विल्यम रेडफिल्ड यांच्याशी होता. वादळात वारे केंद्राकडे धावतात, असं एस्पी म्हणायचे, तर रेडफिल्ड यांच्या मते ते गोल फिरतात. एस्पी यांनी शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही. 1860 साली सिनसिनाटीत त्यांचं निधन झालं. वारे गोल फिरत फिरत आत येतात, म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते, हे पुढे स्पष्ट झालं.

आज जंगलाचा प्रस्ताव इतिहासजमा झालाय. पण महाराष्ट्रात वळवाच्या पावसाचा अंदाज देताना समुद्रावरून येणारं बाष्प तपासलं जातं, तेव्हा हिशेब एस्पी यांचाच असतो.