मेक्सिकोच्या मक्यात रुजलेला वर्धेकर

शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला आज पदवी आणि नोकरीची ओढ असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वर्ध्याचा एक तरुण मात्र बंदूक चालवायला शिकण्यासाठी देशाबाहेर पडला. तब्बल चार दशकांनंतर तो मायदेशी परतला, तेव्हा जग त्याला कृषिशास्त्रज्ञ म्हणून ओळखत होते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या आयुष्याची ही विलक्षण कहाणी आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्ध्यात झाला. शालेय शिक्षण वर्धा आणि नागपूर येथे झाले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या या तरुणाने १९०६ च्या सुमारास देश सोडला आणि जपानमार्गे तो अमेरिकेत पोहोचला. घरून पैसा येण्याची सोय नव्हती. मिळेल ते काम करायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे, असा दिनक्रम सुरू झाला. कॅलिफोर्नियातील माउंट तमालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी युद्धशास्त्राचे धडे घेतले. त्याच काळात त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यासही आरंभला. ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातील महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पोर्टलंडच्या परिसरात लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या हिंदी मजुरांमध्ये मिसळून पंडित काशीराम यांच्यासोबत त्यांनी संघटना बांधली. पुढे उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते.

कॅलिफोर्नियातच त्यांची गाठ मेक्सिकोतून परागंदा झालेल्या क्रांतिकारकांशी पडली. तेथील शेतकऱ्यांचा जमीनदारांविरुद्धचा लढा त्यांना आपल्या देशातील कुणब्यांच्या दैन्याशी नाते सांगणारा वाटला. मात्र, त्या वेळी मन सशस्त्र लढ्यातच गुंतले होते. पहिले महायुद्ध भडकताच ते तुर्कस्तान आणि इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढायला गेले. तो प्रयत्न फसला. बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को असा प्रवास झाला. मायदेशाचे दरवाजे बंद होते. अखेर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिकोचा रस्ता धरला.

चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. देश नवा, भाषा स्पॅनिश, हाती पैसा नाही. जेवण मात्र अगदीच परके वाटण्याजोगे नव्हते. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या वैदर्भीय माणसासमोर मक्याचा तोर्तिया, घेवड्याच्या बिया आणि मिरची आली. मका आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची त्याच भूमीतली, सागरमार्गे भारतात आलेली. तेस्कोकोजवळ, जुन्या जमीनदाराच्या वाड्यात उभ्या राहिलेल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि स्पॅनिशमधून शिकवू लागले.

मेक्सिकोच्या क्रांतीनंतर शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या. पण चांगले बियाणे आणि शेतीचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ही उणीव ओळखून खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. मक्याचा त्याच्या रानटी भावंडाशी, म्हणजे तेओसिंतेशी संकर करून त्यांनी अधिक कणसे देणारे वाण तयार केले. गहू, सोयाबीन यांवरही काम केले. प्रसिद्ध छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी त्यांचे प्रयोग टिपले. ख्यातनाम चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, मेजाच्या शीर्षस्थानी बसून पाव मोडणारा जो माणूस रंगवला, तो खानखोजे यांच्या चेहऱ्याचा आहे.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन तरुणी जान सिंदिक हिच्याशी विवाह केला. सावित्री आणि माया या दोन कन्या झाल्या. देश स्वतंत्र झाला, तरी परतीची वाट सोपी नव्हती. इंग्रजांच्या काळ्या यादीतील नाव स्वतंत्र भारतातही आडवे आले आणि प्रवेशाचा परवाना आधी नाकारला गेला. नंतर तो निर्णय बदलला व १९४९ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारचे कृषी सल्लागार म्हणून ते आले. पुढे १९५५ पासून त्यांनी नागपुरात वास्तव्य केले. तेथेच जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. गोंदियाजवळच्या फुलचूरच्या धानपट्ट्यापासून वर्ध्याच्या कापूसपट्ट्यापर्यंत चांगल्या बियाण्याचा आणि योग्य ज्ञानाचा प्रश्न आजही शेतकऱ्याच्या दारात उभा आहे. त्याचे उत्तर शोधण्यात आयुष्य वेचणारा हा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर ठळक दिसतो. विदर्भाच्या स्मरणात मात्र तो अजून पुसटच आहे.