रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या ठाणें शहरीं १८४८ सालीं जन्मलेल्या या पुरुषाचें स्मरण ज्युबिलीच्या प्रसंगीं करणें आम्हांस उचित वाटतें. मुंबईच्या एका गिरणींत नोकरीस असतां मजुरांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले: उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुटी नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या, सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापिली. मालक सहजीं बधले नाहींत. तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. अखेर १८९० च्या जूनांत गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली. १८९७ सालीं प्लेगाच्या साथींत त्यांचा अंत झाला.

ते ख्रिस्ती नव्हते. परंतु रविवारीं मिस्सेस येतांना, आपल्याकडे राबणाऱ्यास तो दिवस आपण देतों काय, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.