कडधान्य नीट का शिजवायचे? डॉ. कमला सोहोनी यांच्या कामातून मिळणारे उत्तर

माणदेशात दवाखाना चालवताना दोन गोष्टी मला वारंवार दिसतात. मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहून कुणीतरी घरातले कडधान्य बंद करते. कडधान्यातले लेक्टिन आतड्याला भोके पाडते, असे त्यात सांगितलेले असते. दुसरीकडे, मुतखडा पडावा म्हणून कुणी कच्च्या हुलग्याचे पीठ पाण्यात ढवळून पिते. तुम्ही यांपैकी काही करत असाल, तर पुढचे जरूर वाचा. त्यासाठी आधी एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची ओळख करून घेऊ.

डॉ. कमला सोहोनी यांचे माहेरचे नाव कमला भागवत. जन्म १९११ साली इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे विज्ञान घरातच होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट त्यांच्यासमोर जाऊन त्यांनी प्रवेशाचा हट्ट धरला आणि एक वर्षाच्या अटीवर तो मिळवला. वर्षभरात त्यांचे काम पाहून प्रवेश कायम झाला आणि पुढे इतर मुलींसाठीही त्या संस्थेचे दार उघडले. तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात. त्यांच्या आतल्या पडद्यालगत हे प्रथिन असते आणि श्वसनाच्या कामात हातभार लावते. वनस्पती आणि प्राणी यांची श्वसनाची यंत्रणा किती सारखी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

परदेशात राहणे शक्य असूनही त्या परत आल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा असे काम करून १९४७ साली लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गरिबाच्या ताटात जे असते, तेच त्यांनी प्रयोगशाळेत घेतले: कडधान्ये, नीरा, ताडगूळ. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आपला प्रश्न त्यांच्या कडधान्यांवरील कामाशी जोडलेला आहे. कच्च्या डाळी-कडधान्यांत काही प्रथिने अशी असतात की ती आपल्या पचनरसातील ट्रिप्सिनला अडवतात. मग खाल्लेले प्रथिन नीट पचत नाही. भारतीय अन्नपदार्थांतील या घटकांचा त्यांनी पन्नासच्या दशकात अभ्यास केला. १९६५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वालातून रक्तपेशींना चिकटवणारे प्रथिन वेगळे केले. ते उंदरांना खाऊ घातल्यावर त्यांची वाढ खुंटते, असे दिसले. या प्रथिनालाच लेक्टिन म्हणतात.

ते काय करते, हे साध्या शब्दांत सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीला एक पातळ आवरण असते. त्याच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या लहान लहान साखळ्या लोंबत असतात. लेक्टिन त्या साखळ्यांना पकडते. एका लेक्टिनला पकडायच्या जागा एकाहून जास्त असल्याने ते दोन पेशींना एकमेकींशी जोडू शकते. आपल्या हुलग्यातही असे लेक्टिन आहे. ते ए गटातील ए-१ या उपगटाच्या रक्तपेशी ओळखते, हे १९५१ च्या सुमारास बर्ड या शास्त्रज्ञाने दाखवले. आजही रक्तपेढीत त्या उपगटाच्या तपासणीसाठी हुलग्याचा अर्क वापरतात.

घाबरू नका. हुलगे खाल्ल्याने तुमच्या अंगात रक्त गोठत नाही. लेक्टिन हे प्रथिन आहे. अंडे उकडले की त्याचा बलक जसा घट्ट होतो, तसे पुरेशा उष्णतेने लेक्टिनचा आकार बिघडतो आणि ते साखरेची साखळी पकडू शकत नाही. म्हणजे दोष कडधान्याचा नसतो, ते कच्चे राहण्याचा असतो.

तेव्हा घरी एवढे पाळा:

१. राजमा, वाल, पावटा आणि घेवडा कधीही कच्चे खाऊ नका. कोरेगावचा वाघ्या घेवडा हा राजम्याच्याच जातीचा आहे. राजमा अर्धाकच्चा राहिला, तर चार-पाच दाण्यांनीही एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात.

२. ते रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळा. त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवा. कुकर उत्तम. मंद आचेवर नुसते कोमट ठेवून शिजवणे धोक्याचे आहे.

३. हुलग्याचे माडगे, शेंगोळे किंवा कढण पूर्ण शिजवूनच घ्या. कच्चे पीठ पिऊ नका.

४. मुतखड्याच्या दुखण्यात ताप, थंडी, लघवी बंद होणे किंवा सतत उलट्या असतील, तर कढणावर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

५. लहान मुले, गर्भवती आणि अशक्त माणसांना मोड आलेली कडधान्येही वाफवूनच द्या. मोडांवर जंतू वाढू शकतात.

आणि कडधान्य बंद करू नका. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. बाजरीत जे कमी असते, त्यातले बरेच कडधान्य भरून काढते. भाकरीबरोबर हुलगा-मटकी खाणाऱ्या आपल्या आजी-आजोबांचा बेत चांगलाच होता. मात्र किडनीचा आजार असेल किंवा पथ्य दिलेले असेल, तर प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कमलाबाई पुढे विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या, पण हक्काचे ते पद त्यांना काही वर्षे उशिरा मिळाले. निवृत्तीनंतरही त्या ग्राहक चळवळीत होत्या आणि अन्नातील भेसळीबद्दल घरच्या बायकांना समजेल असे लिहीत. १९९८ साली त्या गेल्या. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. पुढच्या वेळी हुलगे भिजत घालताना मुलांना त्यांची गोष्ट सांगा. आणि कुकरची शिट्टी होऊन दाणा बोटात चिरडून पाहिल्याशिवाय ताटात वाढू नका.