लुसीबाई आणि रक्तातला ‘दोष’

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाची सभा संपली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी एक मुलगी जिन्यापाशी घुटमळत होती. लग्नाला चार वर्षं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही. तिने पिशवीतून एक रिपोर्ट काढला. त्यात ‘एमटीएचएफआर’ अशी अक्षरं आणि पुढे ‘म्युटेशन’ हा शब्द. घरात सगळ्यांना तेवढाच शब्द कळला होता. सुनेच्या रक्तातच दोष आहे, असं सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं.

मी काही डॉक्टर नाही, बी.ए. झालेली बाई. म्हणून तिला घेऊन आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि बोलता बोलता एक नाव घेतलं, लुसी विल्स. ही कोण बाई, म्हणून मी नंतर मिळेल ते वाचत बसले.

लुसीबाईंचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्या वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये परीक्षा दिल्या, पण पदवी नाही मिळाली. केंब्रिज बायकांना पदवीच देत नसे, ती द्यायला १९४८ साल उजाडावं लागलं! १९११ मध्येच वडील गेले, दोन वर्षांनी मोठी बहीण. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा केपटाऊनला त्यांनी स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केलं. परतल्यावर लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. लग्न केलं नाही. दवाखाना थाटण्यापेक्षा प्रयोगशाळेतच त्यांचा जीव रमला.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. वय चाळीस. (आपल्याकडे चाळिशीत बायकांना आता सुनेचं बघा म्हणतात.) बाळंतपणात बायका का मरतात, याचा तेव्हा सरकारी पातळीवर शोध चालला होता. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब घरांतल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, आणि कित्येकदा बाळंतपणाच्या आसपास दगावायची.

लुसीबाईंनी आधी जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं. त्यात काही सापडेना. मग त्या बायकांच्या खाण्याकडे वळल्या. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी त्यांनी तळपदे यांच्यासोबत केली आणि ती छापलीही. ज्या घरांत जेवण निकृष्ट, तिथे हा आजार जास्त. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांत सगळ्यात जास्त. म्हणजे बघा, बाईच्या रक्तात बिघाड दिसला, तेव्हा या परक्या डॉक्टरीणीने तिचं कूळ नाही तपासलं, ताट तपासलं. मला त्यांची हीच गोष्ट फार आवडली.

नंतर कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात त्यांनी काम चालू ठेवलं. उंदरांवरच्या प्रयोगांत उवांमुळे पसरणाऱ्या आजाराने घोळ घातला, मग माकडांना त्या गरीब बायकांसारखंच खाणं दिलं. माकडांनाही तसाच पंडुरोग झाला! त्यावर उतारा ठरला मार्माइट. बिअर तयार करताना उरणाऱ्या यीस्टचा हा काळपट, खारट अर्क इंग्रज लोक पावाला लावून खातात. स्वस्तातली वस्तू. बायकांना ते दिल्यावर चारेक दिवसांत भूक लागू लागली, नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं.

यीस्टमध्ये नेमकं काय आहे, ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. त्या काळी एका वेगळ्या पंडुरोगावर यकृताचा अर्क देत. लुसीबाईंनी पुढच्या काही वर्षांत दाखवलं की शुद्ध केलेल्या अर्काने या रोग्यांना गुण येत नाही, कच्च्या अर्काने येतो. म्हणजे दोन आजार वेगळे, दोन द्रव्यं वेगळी. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. चार वर्षांनी ते कृत्रिमरीत्या तयार केलं तिथल्याच एका कंपनीने. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रच्या भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. दुसरा पदार्थ, बी-१२, सापडला १९४८ मध्ये.

आता त्या मुलीच्या रिपोर्टाकडे येते. भाजीतलं किंवा गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड शरीराला जसंच्या तसं चालत नाही, दळून घ्यावं लागतं. ते दळणारं जातं म्हणजे एमटीएचएफआर नावाचं एन्झाइम. त्या दळणातून मिथाइल नावाचा एक बारका रासायनिक तुकडा पुढे दिला जातो आणि होमोसिस्टीन नावाच्या पदार्थाची विल्हेवाट लागते. काहींच्या जनुकात थोडा बदल असतो, त्यामुळे हे जातं हळू फिरतं. हळू म्हणजे बंद नव्हे. हा बदल जगभर कितीतरी लोकांत आहे. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरी रक्तातलं फोलेट सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास कमी असतं, आणि नेहमीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी अशा बायकांनाही लागू पडते. नुसत्या या बदलाने गर्भ पडतो, असा पुरावा नाही. गर्भपातानंतर ही तपासणी सरसकट करू नये, असंच अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय संघटना सांगतात. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गर्भपातांची बाकीची कारणं शोधायला घेतली, ती या रिपोर्टामुळे बाजूलाच राहिली होती. नवऱ्यालाही तपासायला बोलावलं. तो आला, हे मुद्दाम सांगते.

एक गोष्ट मात्र आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायची. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचंही धड कळलेलं नसतं. आपल्याकडे नाव नोंदवायला बायका तिसऱ्या महिन्यात जातात, तोवर ती वेळ गेलेली असते. म्हणून मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची. ज्यांच्या आधीच्या बाळाला कण्याचा दोष होता, त्यांना मोठी मात्रा लागते, ती डॉक्टरच ठरवतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात अशा बायकांमध्ये तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

शाकाहारी घरांत बी-१२ तपासून घ्यावं. ते कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात. मेथी, पालक, चवळी, हरभरे, मूग, शेंगदाणे आपल्या घरात असतातच. पण पालेभाजी उकडून पाणी ओतून दिलं की निम्मा माल मोरीत जातो. आणि हे एन्झाइम चालायला बी-२ लागतं, ते दुधा-दह्यात मिळतं. सुनेच्या वाटीतही दही पडतं का, तेवढं बघा.

लुसीबाई १९४७ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्या. तिथे कामावर त्या मोटारीऐवजी सायकलवरून जात. म्हातारपणी चेल्सी भागातून नगरसेविकाही झाल्या. १६ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या, म्हणजे तो ७२ टक्क्यांचा आकडा काही त्यांना पाहायला मिळाला नाही.

ती मुलगी परवा बाजारात भेटली. गोळ्या चालू आहेत, बी-१२ फारच कमी निघालं म्हणून इंजेक्शनं घेते आहे. सासूबाईंचंही तपासलं. त्यांचं तिच्याहून कमी.